टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

जुनी गाडी कधी पहिल्या चावीला सुरू होते, कधी नुसतं ‘टक्’ करून गप्प. अशा वेळी वायरीत करंट नीट पोचतो का हे बघायला मी आधी टेस्ट लॅम्प हातात घेतो, तोही हेडलाइटच्या जुन्या बल्बचा. मल्टिमीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही; सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) गंजक्या वायरीत एखादीच तार शाबूत असली तरी १२ व्होल्ट दाखवून मोकळा. ५५ वॉटचा बल्ब तिथे मिणमिणतो आणि चोर सापडतो. (ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरींना मात्र तो लावू नका!)

अर्थिंगचा दोष मीटरच पकडतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थची पट्टी (इंजिन-बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) काढून घासा.

तपासणी गाडी रुसलेली असतानाच करा. एरवी दोघंही ‘सगळं ठीक’ म्हणतात.