माचू पिचू एका दिवसात: मुक्काम कुस्कोत की ओयांतायतांबोत?

पेरूतल्या माचू पिचूला, इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराला, रेल्वेनं जायचं, गाइडबरोबर बघायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, इथपर्यंत तुमचं ठरलं आहे असं मी धरून चालतो. त्यापुढचा प्रश्न बरेच जण हॉटेलचं बुकिंग झाल्यावर विचारतात: आदली रात्र आणि ती रात्र काढायची कुठे? कुस्को शहरात, की खाली खोऱ्यातल्या ओयांतायतांबो गावात? मी दोन्ही केलं आहे. पहिल्यांदा बायकोबरोबर कुस्कोहून, आणि काही वर्षांनी आई-बाबांना घेऊन ओयांतायतांबोहून.

वर पोचल्यावर दोन्हींत फारसा फरक नाही. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावाहून, जिथे रेल्वे पोचते, तीच वळणावळणांची बस, तोच अर्धा तास, तिकिटावर छापलेली तीच वेळ आणि ठरलेला मार्ग. आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, तेव्हा दाराशीच उरकून घ्या. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. हे कुठूनही आलात तरी सारखंच.

कुस्कोची बाजू भक्कम आहे, हे आधी सांगतो. सगळ्या दिवसांसाठी एकच खोली पुरते, सामान बांधा-सोडायला लागत नाही. खाण्यापिण्याची चंगळ, शाकाहारी माणसाला तर हेच शहर सोयीचं. कोरिकांचा या इंका देवळाच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चढवलेलं सांतो दोमिंगो चर्च बघायला संध्याकाळ हाताशी राहते. पावसाळा सोडला तर शहरातल्या सान पेद्रो स्टेशनवरूनही गाडी सुटते. ती डोंगर चढताना पुढे जाते, थांबते, उलटी मागे जाते, पुन्हा पुढे. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याच जातीचं काम. माझ्या वाट्याला ती गाडी आली नाही. आमच्या सहलीत, बहुतेक सहलींत असते तशी, ओयांतायतांबोपर्यंत व्हॅन होती आणि तिथून पुढे रेल्वे.

आणि त्या व्हॅननंच माझा कौल फिरवला. जातानाची नव्हे, परतीची. पहाटे साडेतीनला उठणं मला जड गेलं नाही. माचू पिचू बघायचं म्हटल्यावर माणूस उठतोच. पण रात्री आठच्या सुमारास गाडी ओयांतायतांबोला लागली तेव्हा दिवस माझ्या मनात संपलेला होता. पाय दुखत होते, डोळ्यांसमोर माचू पिचूतल्या सूर्यमंदिराची ती गोलाकार भिंत होती. स्टेशनबाहेरच्या अरुंद रस्त्यावर नावांच्या पाट्या धरलेली माणसं, त्यांतून आपली पाटी शोधायची, मग अंधारात व्हॅन शोधायची. व्हॅन सापडली, पण तिच्यात दोन जण कमी होते. ते मागच्या गाडीनं येणार होते. आम्ही पाऊण तास थंडीत बसून राहिलो. त्यानंतर दोन तासांचा घाट.

हा घाट चढाचा आहे, आणि नकाशा बघताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. माचू पिचू 2,430 मीटरवर आहे, कुस्को जवळजवळ 3,400 वर, आणि मधला चिंचेरोचा पट्टा कुस्कोहूनही उंच. म्हणजे दिवसभर खालच्या, दाट हवेत वावरून रात्री दमलेल्या शरीरानं पुन्हा हजार मीटर वर जायचं. बायकोचं डोकं चिंचेरोच्या आसपास ठणकायला लागलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सगळ्यांना असा त्रास होईल असं मी म्हणणार नाही; पण आई-बाबांना तसं नेण्याची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी ओयांतायतांबो. साधारण 2,800 मीटर उंची, स्टेशन खोलीपासून चालत दहा मिनिटं. सकाळी साडेपाचला उठलो, आईनं सावकाश चहा घेतला. जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर बघा, नदी त्या बाजूला असते. निवडुंगांचे कोरडे उतार, मग किलोमीटर 82 नावाचा रेल्वेवरचा थांबा, जिथून पायी जाणारे इंका वाटेला लागतात, आणि हळूहळू शेवाळलेलं ओलं जंगल. पावणेदोन तासांत देश बदलल्यासारखं वाटतं. रात्री त्याच स्टेशनवर उतरलो आणि दगडी गल्लीतून चालत खोलीवर आलो. गल्लीच्या कडेनं पाटाचं पाणी वाहत होतं. आई म्हणाली, “आता कुठे जायचं नाही ना?” नव्हतं जायचं.

हे गाव नुसतं स्टेशनापुरतं धरू नका. गल्ल्यांची आखणी इंकाकाळातली आहे आणि त्यांत आजही माणसं राहतात. वरच्या टप्प्यांवर गुलाबी दगडाच्या सहा अजस्र शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेल्या. याच ठिकाणी 1537 च्या सुमारास इंका राजा मांको इंकानं स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारोच्या फौजेला माघार घ्यायला लावली होती. गडकिल्ले हिंडलेल्या माणसाला तो चढ आणि ती जागा बघून लढाई कशी झाली असेल ते आपोआप दिसायला लागतं. बाबा तिथे तासभर बसून होते.

उणिवा आहेत. खाण्याचे पर्याय मोजके, रात्री गारठा, आणि सामान एकदा जास्त हलवावं लागतं. हातात तीनच दिवस असतील किंवा कुस्कोची खोली आधीच घेऊन झाली असेल, तर तिथूनच जा. फक्त परतीची गाडी संध्याकाळची सर्वांत लवकरची मागा, आणि व्हॅन कुणासाठी थांबणार का ते पैसे देण्याआधी विचारा.

दिवस जास्त असतील तर माझं ऐका आणि क्रम उलटा करा. कुस्कोच्या विमानतळावरून टॅक्सीनं थेट खाली खोऱ्यात या, माचू पिचू आटपा, कुस्को शेवटी ठेवा. आम्ही चौथ्या दिवशी दुपारच्या उन्हात, निवांत वर चढलो. कुस्कोत पोचल्यावर बाबांनी कोकाचा चहा, जो तिथे उंचीच्या त्रासावर घेतात, मागवला तो नुसती चव बघायला. डोकं कुणाचंच दुखत नव्हतं.