स्पीडब्रेक उघडायचे की वेळेवर ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हणायचं?

विमान ३५,००० फुटांवर. हवाई नियंत्रकाचा आदेश येतो: मार्गातला पुढचा बिंदू ११,००० फुटांवर, २५० नॉट वेगाने ओलांडा. हजार फूट उतरायला तीन सागरी मैल धरले तर ७२ मैल लागतात, वेग कमी करायला आणखी थोडे. उरलेत ६०.

स्पीडब्रेक (पंखांवरचे, हवेचा अडथळा वाढवणारे पट्टे) उघडून नाक खाली घातलं तर कधी जमतंही. पण उतार वाढवला की वेग वाढतो, वेग आवरला की उतार मंदावतो. त्यात पाठीमागून वारा असला तर बिंदू आणखी लवकर येतो. चुकलं, तर त्या उंचीवरच्या दुसऱ्या विमानाशी राखायचं १,००० फुटांचं अंतर धोक्यात येतं.

‘अनेबल’ लवकर सांगितलं, तर नियंत्रक वळसा देऊ शकतो किंवा अट बदलू शकतो. मला हेच पटतं. शंका येताच बोलावं. स्पीडब्रेक तोवर उघडे ठेवायला हरकत नाही.