घरभेट, माता गट की फोन? वस्तीतल्या पालकांना साथ द्यायची तर सुरुवात कुठून करावी

बचत गटांचा संघ असो, ग्रामपंचायत असो की वर्षभराचा निधी मिळालेली छोटी संस्था असो, प्रश्न साधारण सारखाच असतो. वस्तीत सहा वर्षांखालची मुलं आहेत. आईबाप मजुरीला जातात, त्यांची स्वतःची शाळा चौथी-सातवीत सुटलेली किंवा कधी सुरूच झालेली नाही. त्यांनी घरी मुलाला शिकवावं म्हणून आपण घरोघरी ताई पाठवावी, आयांचे गट बांधावेत, की फोनवर दर आठवड्याला काही पाठवावं? तिन्ही पुरेशा ताकदीने करायला पैसा पुरत नाही, आणि सगळं थोडं थोडं केलं तर कशालाच जोर येत नाही.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात गटापासून करा. घरभेटी गटात येऊच न शकणाऱ्या घरांसाठी राखून ठेवा. फोन जोडीला असू द्या, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. यामागची कारणं सगळीकडे सारखी लागू होत नाहीत, म्हणून नीट बघू.

एक गोष्ट तिन्हींना लागू आहे. या वयात घरी करायचं काम कमी शिकलेल्या आईलाही पूर्ण जमणारं असतं. मुलाशी बोलणं, गाणी म्हणणं, भाकरी थापताना मोजणं, बिया-खडे रंगाप्रमाणे वेगळे करायला लावणं, चित्र दाखवून ‘हा काय करतोय?’ असं विचारणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, पानं, बिया घेऊन आणि गरज पडली तर थेट पाड्यावरच्या अंगणात. सामान नव्हतं म्हणून काम अडलं नाही. आजही अडतं ते दुसरीकडेच. आपल्या बोलण्याने मुलाचा मेंदू घडतो, याची खात्री आईला कुणी दिलेली नसते. ‘मी अडाणी, मी काय शिकवणार’ हे वाक्य प्रत्येक वस्तीत ऐकू येतं. त्यामुळे कुठलाही मार्ग निवडताना मी पहिल्यांदा हे बघते की आई स्वतःच्या हाताने, कुणासमोर तरी, ती कृती करून बघते का.

घरभेट

या कसोटीवर घरभेट सगळ्यात सरस ठरते. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये 1986-87 मध्ये संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या चमूने 9 ते 24 महिने वयाची, वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, तासभर आरोग्य सेविका जात. खेळणी टाकाऊ वस्तूंतून बनवलेली. सेविका मुलाला शिकवून निघून जात नसे. ती आईला खेळात ओढायची आणि आईने केलेल्याचं कौतुक करायची. साधारण वीस वर्षांनी पाहिलं, तर या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला उभारी देणारा हा अभ्यास आहे.

पण तो मोजक्या मुलांचा होता आणि फार निगुतीने केलेला होता, हे विसरू नये. कोलंबियात हीच पद्धत सरकारी योजनेतल्या पुढारी आयांकडून 96 नगरपालिकांत दीड वर्ष चालवली. संपताना मुलांमध्ये फरक दिसला, पण दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो उरला नव्हता. म्हणजे घरभेट सुरू केली की काम फत्ते, असं नाही. भेटींचा दर्जा आणि नंतर मुलाला मिळणारी बालवाडी-शाळा, दोन्ही लागतात.

आपल्याकडचा हिशेब मांडून बघा. एक ताई दिवसाला चार-पाच घरं नीट करू शकते, त्याहून जास्त केली तर ती भेट राहत नाही, हजेरी होते. आठवड्याचे पाच दिवस धरले तर एका ताईमागे 20-25 कुटुंबं. शंभर घरांच्या वस्तीला चार ताया, त्यांचं मानधन, आणि त्यांच्यासोबत अधूनमधून घरी जाऊन बघणारी एक अनुभवी बाई. ही शेवटची बाई अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापली जाते. ती नसेल तर घरभेट करूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. घरात चार भिंतींआड ताई काय करते, हे दुसऱ्या कुणालाच कळत नाही.

माता गट

आठ-दहा आया, त्यांची मुलं आणि एक ताई. आठवड्यातून एकदा बसायचं, एक-दोन खेळ आयांनी स्वतः करायचे, तेच आठवडाभर घरी करायचे. तीच ताई दिवसाला दोन गट घेऊ शकते, म्हणजे तेवढ्याच मानधनात घरभेटीच्या तिप्पट-चौपट कुटुंबं.

इथे ओडिशातला अभ्यास निर्णायक वाटतो, कारण त्यात दोन्ही मार्ग एकाच वेळी तपासले गेले. 192 गावं. काहींत आठवड्याच्या घरभेटी, काहींत आठवड्याचे गट, काहींत यातलं काहीच नाही. मुलं वर्षाच्या आसपासची. दोन्ही मार्गांनी मुलांची समज आणि भाषा सुधारली, आणि दोन्हींत फरक म्हणावा असा नव्हता. खर्चात मात्र होता: घरभेटीला दर मुलामागे वर्षाला 135 डॉलर, गटाला 38. साडेतीन पट.

स्वस्ताई हा गटाचा एकमेव गुण असता तरी मी थोडी अडखळले असते. पण गटात आणखी एक गोष्ट घडते. शेजारणीचं मूल गोष्ट ऐकून प्रश्न विचारतं, हे आई डोळ्यांनी बघते. ‘तिला जमतं तर मलाही जमेल’ हा धीर बाहेरून आलेली ताई कितीही गोड बोलली तरी देऊ शकत नाही. शिवाय निधी संपल्यावर गटाचा थोडा तरी अंश मागे राहू शकतो. महाराष्ट्रात 2022 च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे असेच गट केले गेले, प्रत्येक गटाला एक लीडर माता. तुमच्या गावात असा गट झाला असेल, तर नवा बांधण्याआधी त्या लीडर मातेला जाऊन भेटा. निम्मं काम झालेलं असेल.

आता गटाचं दुखणं, आणि ते लहान नाही. गटात कोण येत नाही? जिचा रोज बुडतो ती. जिला तान्हं बाळ आणि आजारी सासू आहे ती. जिचं घर वस्तीच्या टोकाला आहे ती. आणि गट मंदिराच्या ओट्यावर भरत असेल, तर जिला त्या ओट्यावर बसणं अवघड वाटतं ती. म्हणजे ज्या घरासाठी हा खटाटोप सुरू केला, नेमकं तेच बाहेर राहतं आणि हजेरीपट मात्र भरलेला दिसतो. म्हणून जागा आणि वेळ हे व्यवस्थेचे किरकोळ मुद्दे समजू नका. काम संपल्यानंतरची वेळ, आळीपाळीने वेगवेगळ्या आळीतलं अंगण, आणि घरच्या बोलीत संवाद. पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला प्रमाण मराठीत गोष्ट सांगायला लावलं, तर ती गप्प बसेल आणि आपण तिला ‘लाजाळू’ ठरवू.

आणखी एक. नाव माता गट असलं तरी आजीला बोलवा. आई शेतावर किंवा धुण्याभांड्याच्या कामाला गेली की दिवसभर मूल आजीकडेच असतं. गोष्टी आणि गाणी तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत. बापांसाठी वेगळी वेळ काढावी लागते, पण महिन्यातून एकदा रविवारी बोलावून तर बघा.

फोन

निधी देणाऱ्यांना हा मार्ग आवडतो, कारण एका कळीने हजारो घरं ‘जोडली’ जातात. पण नुसता संदेश आणि प्रत्यक्ष बोलणं यांत मोठा फरक आहे. 2020 मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात सुमारे 4,500 कुटुंबांवर हे तपासलं. काहींना दर आठवड्याला फक्त गणिताचे लघुसंदेश, काहींना संदेशासोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोन आलेल्या मुलांची प्रगती झाली. नुसत्या संदेशांनी म्हणावा असा फरक पडला नाही. ही मुलं प्राथमिक शाळेतली होती, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलाला ते जसंच्या तसं लागू करू नये. तरी माणसाचा आवाज लागतो, ही गोष्ट माझ्या मनात पक्की आहे.

बाकीच्या अडचणी तुम्हाला ठाऊकच आहेत. घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाच्या खिशात असतो, रिचार्ज संपलेलं असतं, आणि व्हिडिओ आला तर तो मुलाच्याच हातात दिला जातो. आईने करून बघायची कृती मुलाने पडद्यावर बघायची करमणूक होऊन बसते.

एका ठिकाणी मात्र फोनला पर्याय नाही. बीड आणि आसपासची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपेपर्यंत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. गावातला गट तेव्हा रिकामा होतो. निघण्याआधी दोन-तीन बैठका घेऊन खेळ पक्के करायचे, पिशवीत चित्रांचं एक पुस्तक द्यायचं आणि मग आठवड्याला एक फोन करायचा. तोही रात्री, गाडीत ऊस भरायचं काम नसेल तेव्हा.

आणखी दोन पर्याय, थोडक्यात

‘आधी आयांनाच वाचायला शिकवा’ असं बरेच जण सुचवतात. बिहार आणि राजस्थानात आईला साक्षर करणं, आईला मुलासोबत करायच्या कृती शिकवणं आणि दोन्ही एकत्र, असं करून पाहिलं गेलं. आया शिकल्या आणि मुलांचं गणित सुधारलं, पण थोडंच. आईला वाचता येणं हा तिचा हक्क आहे, त्यासाठी ते जरूर करा. पाच वर्षांच्या मुलाची प्रगती साधायचा जवळचा रस्ता म्हणून करू नका.

नुसता पुस्तक-खेळण्यांचा संच वाटण्याबद्दल एवढंच: सोबत दाखवणारं माणूस नसेल तर संच फडताळात वर जाऊन बसतो.

मग तुमच्यासाठी काय?

घरं जवळजवळ असलेली वस्ती, शहरी झोपडपट्टी किंवा मोठं गाव असेल, तर गट. पहिल्या दोन महिन्यांत न आलेल्या घरांची यादी करा आणि ताईच्या आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्या घरांना द्या. विखुरलेला पाडा असेल, दोन घरांत शेत किंवा ओढा असेल, तर तीन-चार शेजारघरांचा छोटा गट किंवा सरळ घरभेट, आणि कुटुंबांची संख्या कमी ठेवायची तयारी. दोन वर्षांखालचं मूल कुपोषित किंवा बोलण्यात मागे असेल, तर आधी आरोग्य तपासणी आणि मग घरभेट. तिथे खर्चाकडे बघू नका.

यातलं काहीही अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकू नका. पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस हे सगळं तिच्याकडे आधीच आहे. तिला विचारून दिवस ठरवा, तिची जागा वापरा, आणि ताई म्हणून त्याच वस्तीतली, शक्यतो दहावी झालेली, स्वतः आई असलेली मुलगी नेमा. मानधन वेळेवर द्या. नेमणुकीआधी तिच्यासोबत एक संध्याकाळ वस्तीतून फिरा आणि ती कुठल्या दारापाशी सहज थांबते, कुठल्या दारासमोरून न थांबता पुढे जाते, ते बघून ठेवा. पहिला गट त्या दुसऱ्या दारांजवळच्या अंगणात लावा.