कोल्हापुरात रायफल घ्यायची तर: हवाई, पॉइंट टू-टू की ३१५ बोअर?

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून, मुलीच्या सरावामुळे दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नियमित जाणे असलेल्या माझ्यासारख्या पालकाला नातेवाईक, शेजारी आणि क्वचित अनोळखी माणसेही एकच प्रश्न विचारतात: रायफल घ्यायची आहे, कोणती घ्यावी? विचारणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी हवाई रायफल असते, कोणी तीन-चार वर्षे क्लबमध्ये घालवून पॉइंट टू-टूकडे, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या काडतुसी रायफलीकडे, वळू पाहत असतो आणि कोणाला भुदरगडातल्या शेतघरात ‘एक ३१५ (०.३१५ इंच व्यासाची, जड काडतुसाची रायफल) असावी’ असे वाटत असते. तिघेही ‘रायफल’ हाच शब्द वापरतात, परंतु किंमत, कायदा, दुरुस्ती आणि रोजचा वापर या चारही बाबतींत या वस्तू एकमेकींपासून फार दूर आहेत.

अंतर किती, हे ऊर्जेच्या आकड्यांवरून लगेच लक्षात येते. दहा मीटरच्या स्पर्धेत वापरली जाणारी हवाई रायफल अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते आणि त्याची ऊर्जा सुमारे साडेसात ते आठ जूल भरते. पॉइंट टू-टूच्या स्पर्धेच्या काडतुसाची ऊर्जा सव्वाशे ते दीडशे जूलच्या दरम्यान असते, तर ३१५ बोअरची गोळी दोन हजार जूलच्या पुष्कळ पुढे जाते. पहिलीला पुढे छर्रे अडवणारी पेटी आणि मागे भक्कम भिंत असली की पुरते, दुसरीला मान्यताप्राप्त रेंज हवी, आणि तिसरी चालवण्याजोगी जागा सामान्य कोल्हापूरकराला बहुधा सापडतच नाही. म्हणून माझ्या मते खरेदीचा विचार ‘कोणती?’ इथून सुरू न करता ‘कुठे चालवणार?’ इथून सुरू करावा.

परवाना: तिघींचे तीन रस्ते

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाई रायफलीच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० जूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो, आणि मूल अल्पवयीन असेल तर खरेदी पालकाच्या नावावर होते. या दोन मर्यादांपैकी एकही ओलांडली की हवाई रायफलसुद्धा परवान्याच्या कक्षेत येते, आणि फसगत इथेच होते. बाजारात ५.५ मिलिमीटरच्या हवाई रायफलीलाही ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात आणि काडतुसाच्या खऱ्या रायफलीलाही ‘पॉइंट टू-टू’च म्हणतात. ‘एअरगन आहे, तिला कसला परवाना?’ असे कोणी सांगितले म्हणून ५.५ची घेणारा गृहस्थ नकळत विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरू शकतो. बिलावर व्यास आणि ऊर्जा हे दोन्ही आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काडतुसाच्या दोन्ही रायफलींसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. कोल्हापुरात पोलिस आयुक्तालय नसल्याने तो जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, त्यानंतर पोलिस ठाण्याकडून चौकशी होते. इथवर दोघींचे सारखेच आहे, पण अधिनियमाच्या कलम १३ मध्ये एक भेद आहे आणि निर्णय घेणाऱ्याने तो मुळातून वाचावा. केंद्र सरकारने परवाना अथवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा किंवा संघटनेचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू मागत असेल, तर कलम १४ मधील नकाराची कारणे लागू नसताना परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. ३१५च्या अर्जदाराला मात्र ‘योग्य कारण’ आहे याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. क्लबचे सदस्यत्व, गुणपत्रके आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे ज्याच्याकडे आहेत त्याचे म्हणणे कागदावर उभे राहते. ‘गावात माझे नाव आहे’ हे कारण तसे उभे राहत नाही, आणि ते तसे राहू नये असेच मला वाटते.

वयाचाही प्रश्न आहे. बंदूक अथवा काडतुसाची रायफल स्वतःच्या नावावर बाळगण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रशिक्षणापुरता वापर त्याआधी करता येतो. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी पॉइंट टू-टूचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या रायफलीवर करणे हाच सरळ मार्ग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली. क्रीडा नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. राधानगरी अभयारण्याच्या कडेची कितीतरी गावे या परिघात येतात. गव्यांनी ऊस तुडवला किंवा रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून रायफल मागणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा खरी असते, पण परवाना मिळाला तरी तो वन्यप्राणी मारण्याची परवानगी नसतो. त्यासाठी वन विभागाचा स्वतंत्र आदेश लागतो. अशा शेतकऱ्याने रायफलीवर खर्च करण्याआधी कुंपण आणि वन विभागाकडची नुकसानभरपाई यांचा हिशेब मांडून पाहावा.

मापाप्रमाणे बदल: रायफल अंगाला बसवणे

खेळाच्या रायफलीत पैशाचे चीज होते ते इथे. दहा मीटरवरील लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पॉइंट टू-टूच्या ५० मीटरवरील लक्ष्यात तोच १०.४ मिलिमीटरचा असतो. अर्ध्या मिलिमीटरचा नेम साधायचा तर दस्त्याची लांबी, गालाखालच्या चीकपीसची उंची, खांद्यावरच्या बटप्लेटचा कोन आणि ट्रिगरचे बोटापासूनचे अंतर हे सारे त्या एका शरीरासाठी जुळवावे लागते. वाढत्या वयाच्या मुलाला लाकडी दस्त्याची स्वस्त रायफल घेतली की वर्षभरात मान वाकवून नेम धरण्याची सवय लागते आणि ती मोडायला दोन वर्षे जातात. म्हणून हजार-दोन हजारांची बचत विसरून, सर्व भाग मागेपुढे-वरखाली होणारा दस्ता आहे की नाही हे आधी पाहावे. डावखुऱ्या मुलांसाठी डावखुरा दस्ता वेगळा मागवावा लागतो, हे विक्रेते आपणहून सांगतातच असे नाही.

कोल्हापूरकराला या बाबतीत एक सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय बनवून मिळत नाही? मुलीची रायफल पुढच्या बाजूला हलकी पडत होती, तेव्हा तिथल्या एका कारागिराने पितळेची दोन वजने जुन्या वजनाच्या नमुन्यावरून अर्ध्या तासात कातून दिली आणि वर ‘कशाला लागतंय हे?’ असे विचारून चहाही पाजला. मात्र हवाई रायफलीचे एकूण वजन स्पर्धेच्या नियमानुसार साडेपाच किलोच्या आत राहिले पाहिजे. आम्ही ती वजने लावून आधी भुसारी दुकानाच्या काट्यावर रायफल ठेवली, कारण स्पर्धेच्या दिवशी साहित्य तपासणीत बाद होण्यापेक्षा दुकानदाराचे आश्चर्य परवडते.

काडतुसाच्या रायफलीच्या बाबतीत मात्र लेथची वाट धरू नये. नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, परवान्याशिवाय दुसऱ्याच्या बंदुकीची दुरुस्ती वा रूपांतर करणे हाही गुन्हा आहे, आणि आवाज दाबणारे जोडसाहित्य कायद्याच्या व्याख्येत बंदुकीतच मोजले जाते. पॉइंट टू-टूवर दस्ता, डायऑप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याचे साधन), हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा टेकू) आणि पट्टा इतकेच बदल करावेत, तेही परवानाधारक विक्रेत्याकडून. ३१५वर करण्यासारखे फारसे काही नाही. इच्छापूरच्या कारखान्यातून ती जशी येते तशीच बहुतेक घरांत राहते.

वॉरंटी, सिलिंडर आणि आपला पावसाळा

भारतीय बनावटीची, उदाहरणार्थ प्रेसिहोलची, हवाई रायफल घेतली तर सुटे भाग आणि दुरुस्ती देशातच होते. ही सोय पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा मूल रायफल हाताळायला शिकत असते, फार मोलाची ठरते. फाइनवेर्कबाउ, वाल्थर किंवा आन्शुट्झ यांच्या रायफलींची किंमत लाखांत जाते. त्यांची नळी आणि ट्रिगर वर्षानुवर्षे टिकतात, पण वॉरंटीचा दावा आयातदारामार्फत परदेशात जातो आणि एखाद्या भागासाठी सगळा हंगाम हातचा जाऊ शकतो. दोन्हीकडे झिजणाऱ्या रबरी सीलना वॉरंटी सहसा लागू नसते, आणि स्वतः यंत्रणा उघडली तर उरलेल्या भागांचीही जाते. जिल्हा स्पर्धेच्या पातळीपर्यंत भारतीय रायफल पुरेशी आहे, असे माझे मत आहे. त्या पातळीवर गुण कमी पडतात ते उभे राहण्याच्या पद्धतीमुळे.

जुनी परदेशी हवाई रायफल घेणाऱ्याने दाबलेली हवा साठवणाऱ्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचावी. बहुतेक उत्पादक सिलिंडरचे आयुष्य निर्मितीपासून दहा वर्षे धरतात. मी स्वतः या बाबतीत फसलो आहे. दुसऱ्या शहरातील एका नेमबाजाकडून स्पर्धेची हवाई रायफल घेताना नळीत डोकावून पाहिले, ट्रिगर दहादा ओढून पाहिला, पेटीचे कुलूपसुद्धा तपासले. घरी आल्यावर मुलीने दिव्याखाली सिलिंडर फिरवून तारीख वाचली, तेव्हा साडेआठ वर्षे आधीच सरलेली होती. नव्या सिलिंडरला वीस हजारांहून अधिक मोजावे लागले आणि स्वस्तात मिळालेली रायफल स्वस्त राहिली नाही.

पावसाळ्यात आणखी काळजी घ्यावी लागते. जुलैच्या हवेत हातपंपाने सिलिंडर भरला की बाष्पही आत जाते, म्हणून कोरडी हवा देणारा फिल्टर लावावा किंवा रेंजवरच्या टाकीतून भरावे. पॉइंट टू-टू आणि ३१५ या दोघींच्या पोलादी नळ्यांना याच दिवसांत गंज धरतो. फ्लॅनेलच्या खोळीत गुंडाळून कपाटात ठेवलेली रायफल सुरक्षित आहे असे वाटते, पण ती खोळच ओल धरून ठेवते. तेलाचा पातळ हात, सिलिका जेलच्या पुड्या आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून पुसणे एवढे पुरते.

वारशाने आलेली ३१५

आपल्या भागात जुन्या वाड्यांतून आजोबांची ३१५ किंवा बारा बोअर असते आणि ‘ती नावावर करून घेऊ का?’ असेही विचारले जाते. परवानाधारकाचे निधन झाल्यावर, किंवा त्याचे वय ७० झाल्यावर वा शस्त्र २५ वर्षे बाळगून झाल्यावर, कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. इतर वारसांची ना हरकत आधी गोळा करावी, कारण जमिनीइतकाच हाही भाऊबंदकीचा विषय होऊ शकतो. विकायची झाल्यास जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला आगाऊ लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. ठेवायची झाल्यास निवडणुकांच्या आचारसंहितेत ती पोलिसांकडे जमा करण्याची नोटीस येऊ शकते, मान्यताप्राप्त क्रीडा नेमबाजांना मात्र त्यातून सवलत असते. आणि लग्नाच्या वरातीत हवेत एखादा बार काढण्याची हौस कोणाला असेल, तर कोणाचा जीव धोक्यात येईल अशा त्या बाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

प्रत्येकाला मी काय सांगतो, तेही लिहितो. मुलासाठी विचारणाऱ्याने पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरू द्यावी, त्यानंतरही मूल पहाटे स्वतःहून उठत असेल तर ४.५ मिलिमीटरची, पूर्ण जुळवता येणारी भारतीय हवाई रायफल घ्यावी आणि जॅकेट-पँटचे माप वाढत्या अंगाचे धरावे. क्लबमध्ये मुरलेल्या, २१ पूर्ण झालेल्या नेमबाजाने पॉइंट टू-टूचा अर्ज जरूर करावा, पण काडतुसांचा वर्षाचा खर्च रायफलीच्या किमतीशेजारी लिहूनच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, ते रोजच्या सरावाने, आणि सराव म्हणजे काडतुसे. शेतघरासाठी ३१५ मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. माझी मुलगी अजून २१ची नाही. पॉइंट टू-टूसाठी ती क्लबच्या रायफलीवरच अवलंबून आहे, आणि घरातल्या हवाई रायफलीच्या नव्या सिलिंडरवरची तारीख तिने कपाटाच्या दाराआत खडूने लिहून ठेवली आहे.