खानापूरचा पावसाळा काढलेला सोलर कॅमेरा

सोलर कॅमेऱ्यांचे बहुतेक रिव्ह्यू मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात, घेतल्या घेतल्या लिहिलेले असतात. त्या दिवसांत कुठलाही कॅमेरा चांगलाच वाटतो. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. उन्हाळ्यात बसवलेला कॅमेरा पावसाळा काढून भाताची सुगी होईपर्यंत चालला, म्हणून आता लिहितोय.

वायरवाला का नको? गोठा आणि भाताची खोली घरापासून लांब आहे. तिथवर ओढलेली वायर उंदीर आणि वानरं ठेवत नाहीत. शिवाय पावसात लाईनवर झाड पडलं की वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची माणसं येईपर्यंत अंधारच. पण कॅमेरा सोलर असला तरी घरातलं वाय-फाय सोलर नसतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. लाईट गेली, राउटर बंद पडला की मोबाईलवर सूचना येत नाही. मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग होत राहतं, एवढाच दिलासा. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडल्यावर ही अडचण बरीचशी मिटली. सिमकार्डवाल्या फोर-जी कॅमेऱ्याला राउटर लागत नाही, पण तो बॅटरी जास्त खातो, आणि टॉवरच बंद पडला तर तोही गप्प.

आता बॅटरी. दुकानात सगळे मेगापिक्सेल विचारतात. आपल्या भागात विचारायचं ते हे, की ऊन नसताना किती दिवस चालेल? माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी १०,००० एमएएचची, म्हणजे साधारण ३७ वॅट-तासांची. पॅनेल ४ वॅटचं. स्वच्छ उन्हात ते दिवसाला १५ वॅट-तासांच्या आसपास देतं, पण दाट ढगांत हेच उत्पादन दहा-वीस टक्क्यांवर येतं. जुलैत कणकुंबीकडून ढग उतरले की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. तेव्हा बॅटरी रोज थोडी थोडी उतरत गेली. मी रात्रीचा पांढरा दिवा बंद केला, नुसतं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, ठेवलं आणि रेकॉर्डिंगची लांबी कमी केली. मग ती तग धरून राहिली. दिवा चालू ठेवला असता तर ऑगस्टआधीच शिडी लावून कॅमेरा खाली काढावा लागला असता.

पॅनेल कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवलेला प्रकार घेऊ नका. पॅनेल वेगळं आणि केबल निदान तीन मीटरची हवी. कॅमेरा पागोळीच्या आत, पॅनेल कौलांच्या वर, असं करता येतं. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून लावा असं सगळे सांगतात, पण फार तिरकं करू नका. आपल्याकडं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. पाणी आणि धूळ ओघळून जाईल एवढा दहा-पंधरा अंशांचा उतार पुरे.

हा कॅमेरा सतत रेकॉर्ड करत नाही. शरीराच्या उष्णतेची हालचाल जाणवली की जागा होतो, आणि जागा होईपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. रस्त्यावरून भुर्रकन गेलेली मोटारसायकल सापडली तर सापडली. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, म्हणून वाटेच्या तोंडासमोर न लावता बाजूला लावा. एप्रिल-मेच्या भर दुपारी हवा अंगाइतकीच तापते, तेव्हा तो थोडा सुस्तावतो. रात्री गवे मात्र बरोबर टिपतो. शेजारचे मामा म्हणाले, "कळवतंय खरं, हाकलतंय काय ओ?" भोंगा आहे, पण गव्यावर वाजवून बघायची हौस मला नाही.

कोळी हा या कॅमेऱ्याचा खरा शत्रू. भिंगासमोर जाळं विणलं की इन्फ्रारेड उजेडात सगळं पांढरंफेक. महिन्यातून एकदा तरी काठीला फडकं बांधून पुसावं लागतं. चित्र दोन-तीन मेगापिक्सेलचं असलं तरी अंगणापुरतं पुरतं. रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचे, म्हणजे क्लाउडचे मासिक पैसे मी भरत नाही. पण चोरानं कॅमेराच काढून नेला तर कार्डही जाणार, म्हणून तो हाताला लागणार नाही इतका उंच हवा. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. आपल्या अंगणाचं चित्र कुठल्या सर्व्हरवर जातं, हा प्रश्न किरकोळ नाही.

अथणीकडं राहणाऱ्या बहिणीनंही असलाच कॅमेरा घेतला. तिथं पाऊस कमी, ऊन भरपूर, बॅटरीचं नाव काढायला नको. तिची तक्रार धुळीची. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की पॅनेल आठवड्याला पुसावं लागतं. तिला मोठ्या बॅटरीवर पैसे घालायची गरजच नव्हती. निपाणी-चिकोडीकडच्यांनीही मधला आकार घेतला तरी चालेल. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी मात्र बॅटरी मोठी आणि सेल बदलता येणारे बघा, म्हणजे एक चार्ज केलेला जोड घरात ठेवता येतो.