सोकल-ब्रिकमाँ यांचं 'फॅशनेबल नॉनसेन्स': सायन्स सोडून आर्ट्सला गेलेल्यांनी वाचाच

पेपरबॅक कॉपी जुन्या पुस्तकांत मिळाली, पानं पिवळी पडलीयेत, पण विषय, म्हणजे विज्ञानातले शब्द अर्थ न पाहता वापरणारे विचारवंत, अजून तितकाच ताजा आहे. मी फिजिक्स करून सोशिऑलॉजीला आले. एमएच्या वर्गात एकदा हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम (कणाची जागा म्हणजे पोझिशन आणि संवेग म्हणजे मोमेंटम, दोन्ही एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत) थेट जातिव्यवस्थेला लावलेला ऐकला, मी विचारलं इथे पोझिशन कशाची आणि मोमेंटम कशाचा, तर उत्तर आलं की तू फार पॉझिटिव्हिस्ट आहेस, म्हणजे मोजता-तपासता येतं तेवढंच ज्ञान मानणारी. ते अजून मनात सलतं.

अ‍ॅलन सोकल तेव्हा न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत फिजिक्सचे प्राध्यापक होते. १९९६ मध्ये त्यांचा 'सोशल टेक्स्ट' या संस्कृती-अभ्यासाच्या जर्नलला क्वांटम ग्रॅव्हिटीवर मुद्दाम अर्थहीन लिहून पाठवलेला लेख छापून आला आणि मग त्यांनीच खरं काय ते सांगितलं. त्या लेखात लिहिलंय की युक्लिडचा 'पाय' (π) आधी स्थिर वाटायचा, आता त्याची ऐतिहासिकता कळलीय. अहो, पाय म्हणजे परीघ भागिले व्यास, शाळेतलं पोरगंसुद्धा अडवेल! तो अख्खा लेख परिशिष्टात आहे, कुठे काय चुकवलंय त्याच्या खुलाशासकट.

बाकी पुस्तकात, जे त्यांनी बेल्जियमच्या जाँ ब्रिकमाँ यांच्यासोबत लिहिलं, लाकाँ, क्रिस्तेवा, इरिगारे, बोद्रियार या फ्रान्समधल्या नामवंत विचारवंतांचे लांब उतारे आहेत आणि गणितातल्या शब्दाचा खरा अर्थ काय, तो इथे का बसत नाही, हे शांतपणे समजावलंय. लाकाँ पुरुषाच्या लिंगाची बरोबरी उणे एकच्या वर्गमुळाशी करतात, ते पान मी तीनदा वाचलं, कारण विश्वासच बसेना. फ्रेंच तत्त्वज्ञ डेलूझवरच्या प्रकरणात मात्र उतारेच जास्त आणि चर्चा कमी, तिथे कंटाळा आला.

हे पुस्तक नाचवून 'आर्ट्सवाले नुसती बडबड करतात' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या जर्नलमध्ये तेव्हा लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला जातच नव्हते, एका लेखावरून अख्खी शाखा खोटी ठरत नाही, आणि तसा दावा लेखकही करत नाहीत. सोकल स्वतः डावे, सँडिनिस्टांच्या, म्हणजे तिथल्या डाव्या क्रांतिकारकांच्या, राजवटीत निकाराग्वात गणित शिकवून आलेले. वस्तुस्थितीच नाकारली तर अन्याय सिद्ध कशाने करणार, ही त्यांची कळकळ आहे. आपल्याकडे २००१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिषाचे कोर्स आणायचं ठरवलं, तेव्हा 'सगळी ज्ञानं सारखीच' म्हणणारा त्याला विरोध कुठल्या तोंडाने करणार? विज्ञानाच्या अभ्यासक मीरा नंदा यांनी हा मुद्दा फार नेटाने मांडलाय.

आधी परिशिष्ट वाचा, मग चौथं प्रकरण. कुन आणि फायराबेंड या विज्ञानाच्या तत्त्वज्ञांवरचं ते प्रकरण अवघड आहे, मला आठवडा लागला, पण पेन्सिलच्या सगळ्यात जास्त खुणा तिथेच आहेत.