नकली वायर स्ट्रिपर: दाखवताना उत्तम, कामाला लागल्यावर घातक

वायर स्ट्रिपर म्हणजे वायरीवरचं आवरण सोलायचं हत्यार. त्याच्या नकली मालाची फसवणूक दुकानात लक्षातच येत नाही, कारण दाखवणारा मुद्दाम अडीच चौरस मिलिमीटरची नवी, मऊ पीव्हीसी वायर हातात घेतो. जाड आवरणात स्ट्रिपरचं पातं थोडं वाकडं बसलं तरी आवरण निघून येतं आणि गिऱ्हाईकाची खात्री पटते. पुढे ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर सोलायला घेतली की आवरणासोबत तांब्याच्या चार-पाच तारा तुटून येतात. तक्रार घेऊन गेलं तर उत्तर ठरलेलं: तुमची वायरच खराब आहे.

वायर खराब असू शकते, हे खरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास तांबं म्हणून खपवलं जातं. त्याची शहानिशा तिथल्या तिथे करा. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसली तर वायर नकली. आतपर्यंत लालसर असेल आणि तरी तारा तुटत असतील, तर संशय स्ट्रिपरवरच घ्यायचा.

जबडा पूर्ण मिटून उजेडासमोर धरा. प्रत्येक खाचेचं भोक गोल दिसलं पाहिजे. नकली मालात दोन्ही पाती एकमेकांसमोर नीट येत नाहीत, भोक लांबट होतं आणि एका बाजूची धार थेट तांब्यात घुसते. मधला खिळा सैल असेल तर आज गोल दिसणारं भोकही लवकरच सरकतं. पातं कच्च्या पोलादाचं असेल तर धार लगेच बोथट होते. मग आवरण कापलं न जाता ताणलं जातं.

०.७५ च्या लवचिक वायरीत साधारण ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात. त्यातल्या चार गेल्या म्हणजे तिथला सहावा भाग कमी झाला. उरलेल्या तारांवर भार येतो आणि जोड तापतो. म्हणून १० मिलिमीटर सोलून तारा मोजा. एकेरी भरीव तारेत नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सोललेल्या जागी तीन-चार वेळा इकडेतिकडे वाकवा. ओरखडा असेल तर तार नेमकी तिथेच तुटते.

आकड्यांतही चलाखी असते. आपण 'दीड', 'अडीच' म्हणतो ते तारेच्या आडव्या छेदाचे चौरस मिलिमीटर, पण पुष्कळ स्ट्रिपरवर भरीव तारेचा व्यास छापलेला असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या भरीव तारेचा व्यास जेमतेम १.४ मिलिमीटर भरतो, अडीचचा १.८. 'अडीचची वायर २.६ च्या खाचेत घाला' असं सांगणारा विक्रेता एक तर अडाणी आहे किंवा माल खपवतो आहे, कारण त्या खाचेत आवरण अर्धवटच कापलं जातं.

सगळ्यात संतापजनक प्रकार मुठीवरच्या '१००० व्होल्ट' या छाप्याचा. आयईसी ६०९०० या चालू विजेवरच्या हातहत्यारांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण असते. नकली स्ट्रिपरवर साध्या रबरी आवरणावर नुसता आकडा छापतात, कधी ती खूणही उमटवतात. त्यामुळे छापा बघून चालू लाइनला हात लावू नका. पुरवठा बंद करून, तो खरंच बंद आहे हे तपासूनच वायर सोला.

पैसे देण्याआधी स्वतःची ०.७५ ची वायर सोबत नेऊन सोलून बघा. करू देत नसतील तर घेऊ नका. घेऊन झालं असेल तर तुटलेल्या तारांसकट ते तुकडे बिलाबरोबर ठेवा. बदलून मागताना पुरावा म्हणून तेच दाखवता येतात.